सरकारी हॉस्पिटलला स्वायत्तता द्यायची तर नेमकं काय काय करायचं

ऑटोक्लेव्ह म्हणजे ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, त्याच्या दाराला एक रबरी गॅस्केट असतं. ते झिजलं की वाफ निसटते, प्रेशर धरत नाही, आणि प्रेशर धरलं नाही तर ट्रे स्टराईल झालेत म्हणून ऑपरेशन थिएटरची (ओटी) कुठलीही सिस्टर सही करून देणार नाही, आणि देऊही नये. मी पूर्वी एका सरकारी हॉस्पिटलच्या अकाउंट्सला होतो, तिथं हे गॅस्केट गेलं. बाजारात मिळत होतं, हॉस्पिटलच्या नावावर पैसे होते, साहेबांना (म्हणजे अधीक्षकांना) घ्यायचंच होतं, आणि तरी यायला पाच आठवडे लागले, कारण यंत्र दुरुस्तीच्या हेडखाली (बजेटमधल्या त्या खर्चाच्या सदराखाली) साहेबांच्या सहीला किंमतच नव्हती, मग फाइल वर गेली, "तीन कोटेशन जोडावीत" असा शेरा घेऊन खाली आली, परत वर गेली. तोवर ट्रे ॲम्ब्युलन्समध्ये घालून दुसऱ्या हॉस्पिटलातून निर्जंतुक करून आणायचे. त्या डिझेलचा खर्च गॅस्केटच्या किमतीच्या कितीतरी वर गेला, पण त्याला कोणी काही विचारलं नाही कारण डिझेलच्या खर्चाला मंजुरी द्यायचे पॉवर्स साहेबांना होते!

स्वायत्ततेचं धोरण आलं की चर्चा लगेच फी किती लावायची, पेइंग वॉर्ड काढायचा का, इकडे जाते म्हणून आधी हे सांगितलं. माझं मत असं की कमाईचा अधिकार शेवटी द्यायचा आणि वेळेवर खर्च करायचा अधिकार आधी. उलटं केलं की हॉस्पिटल पेशंटकडून पैसे गोळा करायला शिकतं पण गॅस्केट तरीही पाच आठवड्यांनीच येतं.

आता कामाला लागू.

सगळ्यात आधी जीआर, नियमावली वगैरे काही लिहायला बसू नका. स्टोअरमध्ये जा आणि शेवटच्या दहा खरेदीच्या फाइल काढा, मोठ्या टेंडरच्या नाही, किरकोळच, बल्ब, पंप दुरुस्ती, एखादं संपलेलं औषध, प्रिंटरची इंक. प्रत्येक फाइलवर सह्या किती झाल्या, किती टेबलं फिरली, मागणी लिहिली त्या तारखेपासून वस्तू वॉर्डात पोचेपर्यंत किती दिवस गेले, एका कागदावर लिहून काढा. तसंच एक कागद माणसांचा करा, म्हणजे रजेवर गेलेल्या टेक्निशियनच्या जागी बदली माणूस मिळायला किती दिवस लागले, कोणाच्या सहीने मिळाला. हे दोन कागद म्हणजे तुमचा आजचा एक्स-रे. नंतर कोणी "आमच्याकडे बऱ्यापैकी स्वायत्तता आहेच की" म्हणालं तर तेवढेच पुढे सरकवायचे.

मग ठरवायचं की द्यायचं नेमकं काय. जागतिक बँकेत हॉस्पिटल सुधारणांवर काम करणाऱ्या मंडळींनी २००० च्या आसपास हे पाच प्रश्नांत बसवलं होतं आणि मला अजून तरी यापेक्षा सोपी मांडणी दिसलेली नाही: निर्णय कोण घेणार, वर्षअखेर उरलेले पैसे (आणि पडलेला तोटा) कोणाचा, पैसे बजेटमधून येणार की दिलेल्या सेवेच्या हिशोबाने, जाब कोणाला द्यायचा, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या उपचाराचा खर्च कोण सोसणार. पाचही प्रश्नांचं उत्तर लेखी पाहिजे. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनावर पानंच्या पानं असतात आणि शेवटच्यावर एक गोड वाक्य, "गरीब रुग्णांचे हित जपले जाईल". कोण जपणार, कुठल्या हेडमधून, ते नसतंच.

पॉवर्सचा तक्ता

माझ्या मते सगळ्या धोरणात महत्त्वाचा कागद हाच. एकाखाली एक ओळींत खर्चाचे प्रकार लिहा: औषधं, सर्जिकल सामान, रिएजंट (तपासणीची रसायनं), यंत्राचे सुटे भाग, इमारत दुरुस्ती, कपडे धुलाई, बाहेरून करून घ्यायच्या तपासण्या, गाड्या, कंत्राटी माणसं. शेजारशेजारच्या रकान्यांत माणसं: वॉर्ड इन्चार्ज, विभागप्रमुख, अधीक्षक, बोर्ड (हॉस्पिटलवर देखरेख करणारं मंडळ). प्रत्येक चौकोनात रक्कम. आणि इथं एक चूक हमखास होते, सगळ्या प्रकारांना एकच मर्यादा टाकतात. स्टेशनरीला आणि व्हेंटिलेटरच्या सेन्सरला एकच आकडा कसा चालेल, एक उशिरा आली तर क्लार्क चिडतो, दुसरा उशिरा आला तर माणूस जातो. जीवरक्षक यंत्रांच्या सुट्या भागांना मर्यादा सढळ ठेवा, खुर्च्या-टेबलांना कडक.

तक्त्यात तीन गोष्टी विसरू नका. एक, साहेब रजेवर असतील तर सही कोणाची, हे नाव न घालता पदाने लिहा, "प्रभारी" एवढंच लिहिलं की प्रभारी माणूस घाबरून काहीच सही करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन, तातडीची खरेदी म्हणजे काय याची व्याख्या, आणि केल्यानंतर किती दिवसांत बोर्डाला कळवायचं. तीन, मर्यादा दर वर्षी तपासायची, नाहीतर महागाईने ती आपोआप आकसत जाते आणि दहा वर्षांनी त्या आकड्यात एक साधा मॉनिटरही येत नाही. एकच खरेदी तुकडे करून मर्यादेत बसवायची खोड सगळीकडे असते, त्यावर उपाय म्हणजे महिन्याच्या शेवटी एकाच पुरवठादाराकडून एकाच प्रकारचं किती घेतलं याची यादी बोर्डापुढे ठेवणं. बंदी घालून ते थांबत नाही, यादीने बरंच थांबतं.

त्याच्या जोडीला हेड बदलायचा अधिकार. हा नेहमी राहून जातो. बजेट जर पंचवीस हेडमध्ये बांधलेलं असेल आणि एका हेडचे पैसे दुसरीकडे वळवायला वरची परवानगी लागत असेल तर बाकी सगळी स्वायत्तता कागदावरच राहते. प्रवास खर्चात पैसे पडून आहेत आणि ऑक्सिजनचं बिल थकलंय, असं होतं. पगार आणि मोठी बांधकामं बाजूला ठेवा, उरलेलं एकगठ्ठा द्या, आणि एका वर्षात एका हेडमधून जास्तीत जास्त किती टक्के हलवता येईल ते ठरवून टाका. हळूहळू ती टक्केवारी वाढवा. शिवाय वर्षअखेरीला उरलेले पैसे लॅप्स होणार नाहीत, पुढच्या वर्षी वापरता येतील, एवढी एक ओळ नियमात आली तरी शेवटच्या पंधरा दिवसांतली ती वेडी खरेदी बंद होते, ज्यात कोणालाच नको असलेल्या ट्रॉल्या येतात.

खातं आणि वह्या

हॉस्पिटलच्या नावाचं स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, रोजच्या रोज कॅश बुक, महिन्याला बँकेशी जुळवणी. ऐकायला किरकोळ वाटतं पण जुळवणी तीन महिने झाली नसेल तर त्या हॉस्पिटलला पुढचा अधिकार देऊ नका, सरळ थांबवा. एक चांगला अकाउंटंट हा एका सर्जनइतकाच अवघड मिळणारा माणूस आहे, तो नसेल तर आधी तो आणा.

खातं कोणाच्या ताब्यात यावर किती अवलंबून असतं हे केनियात दिसलं. तिथं २०१३ मध्ये आरोग्यसेवा काउंटी (म्हणजे जिल्ह्यासारख्या) सरकारांकडे गेली, म्हणजे सत्ता खाली आली, कागदावर विकेंद्रीकरणच झालं, पण बऱ्याच काउंटींमध्ये हॉस्पिटलची जमा काउंटीच्या मुख्य खात्यात जायला लागली आणि पूर्वी हातात असलेले किरकोळ पैसेसुद्धा हॉस्पिटलच्या हातातून गेले. शेवटी २०२३ मध्ये वेगळा कायदा करून दवाखान्यांना स्वतःची जमा स्वतःकडे ठेवायचा अधिकार परत द्यावा लागला. तेव्हा विकेंद्रीकरणाचा आदेश बघून खूश होऊ नका, चेकबुक कुठल्या टेबलावर आहे ते बघा.

कमाई, आणि तिच्याआधी सवलत

आपल्याकडे याची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १९९४ च्या आसपास इंदूरच्या महाराजा यशवंतराव हॉस्पिटलमध्ये उंदरांचा भयंकर सुळसुळाट झाला होता, सुरतच्या प्लेगचे दिवस, तेव्हा हॉस्पिटल रिकामं करून साफ केलं आणि नंतर ते नीट ठेवायला पैसे लागणार म्हणून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली: थोडी फी, देणग्या, आणि ते पैसे सरकारी तिजोरीत न जाता तिथेच वापरायचे. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा तो नमुना देशभर गेला. कल्पना चांगलीच आहे. जमा झालेला पैसा जिथं जमा झाला तिथंच खर्च होतोय हे दिसलं की पावती फाडणारा क्लार्कसुद्धा नीट फाडतो.

पण मग गडबड कुठं होते? हॉस्पिटल कमवायला लागलं की वित्त खातं म्हणतं, छान, मग तुमचं अनुदान थोडं कमी करतो. असं दोन वर्षं झालं की हॉस्पिटलपुढे कमाई वाढवण्याशिवाय रस्ता राहत नाही, आणि हॉस्पिटलला कमाई वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे जास्त तपासण्या, जास्त औषधं, जास्त दिवस ॲडमिट. चीनमध्ये सरकारी हॉस्पिटलं औषधांवर १५ टक्के चढवून विकू शकायची आणि अनुदान तुटपुंजं, परिणाम काय तर औषधांचा मारा. ती १५ टक्क्यांची पद्धत काढून टाकायला २००९ च्या सुधारणांपासून सुरुवात झाली आणि सगळ्या सरकारी हॉस्पिटलांतून ती जायला २०१७ उजाडलं. व्हिएतनामने २००६ च्या हुकमाने सरकारी हॉस्पिटलांना बरीच आर्थिक मोकळीक दिली, तिथंही यंत्रं भागीदारीत बसवून तपासण्या वाढवायचा आणि पैसे भरणाऱ्यांसाठी वेगळी सेवा काढायचा कल वाढला. म्हणून नियमात दोन ओळी आधी घाला. पहिली, स्वतःची जमा वाढली म्हणून मूळ अनुदान कमी होणार नाही. दुसरी, डॉक्टरचा भत्ता त्याने लिहिलेल्या तपासण्यांच्या संख्येला कधीच जोडायचा नाही. खासगी भागीदाराने बसवलेल्या यंत्राचा "कमीत कमी इतक्या तपासण्या" असा करार कोणी पुढे केला तर सही करू नका, ते यंत्र मग पेशंट शोधत फिरतं.

आणि फीचा तक्ता लावायच्या आधी सवलतीची खिडकी चालू झाली पाहिजे. आधी म्हणजे खरंच आधी, काही आठवडे अगोदर.

एकदा काउंटरच्या मागे बसलो होतो, एक म्हातारी बाई नातवाचा केसपेपर घेऊन आली, सिटी स्कॅन लिहिलेला. कॅशिअर म्हणाला सवलत पाहिजे तर साहेबांची सही आणा. साहेब ओटीत. ती ओटीच्या दाराशी जाऊन बसली, तिथून तिला सोशल वर्करकडे पाठवलं, सोशल वर्कर म्हणाल्या माझी शिफारस चालते पण मंजुरी साहेबांचीच. तिसऱ्या वेळी ती खिडकीवर आली तेव्हा तिच्या हातात पैसे होते, शेजारच्या कॉटवाल्याकडून उसने घेतलेले. पावती फाडली. रजिस्टरात त्या दिवशी सवलतीचे अर्ज शून्य, आणि महिन्याच्या रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं की सवलतीची मागणी अत्यल्प आहे!

यातून शिकायचं ते हे की सवलतीची सही ड्युटीवरच्या सोशल वर्करची किंवा कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरची असली पाहिजे, चोवीस तास कोणीतरी पाहिजे, उपचार आधी आणि कागद नंतर. तातडीचे पेशंट, बाळंतपणं, लहान मुलं यांना तर खिडकीवर पाठवायचंच नाही. सवलतीचा खर्च हॉस्पिटलच्या कमाईतून वजा करू नका, नाहीतर प्रत्येक गरीब पेशंट हा बोर्डाला तोटा दिसायला लागतो. त्यासाठी वेगळा निधी ठेवा जो प्रत्येक सवलतीमागे हॉस्पिटलला पैसे देईल. कंबोडियात २००० पासून असे 'हेल्थ इक्विटी फंड' सुरू झाले, गरीब कोण हे हॉस्पिटलच्या बाहेरची संस्था ठरवायची आणि बिल फंड भरायचा, म्हणजे हॉस्पिटलच्या दृष्टीने गरीब पेशंटही पैसे भरणाराच पेशंट. ही युक्ती फार साधी आहे आणि फार कमी धोरणांत दिसते.

माणसांचे अधिकार

पैशाचे अधिकार दिले आणि माणसांचे नाही दिले तर अर्धं काम झालं. यंत्र घेता येतं पण ते चालवणारा टेक्निशियन वरून येणार, कधी येणार माहीत नाही. इथं सगळं एकदम मिळणार नाही, कायमस्वरूपी नोकऱ्यांचे नियम, युनियन, कोर्ट, सगळं मध्ये येतं, त्यामुळे भांडण कुठं घालायचं ते निवडा. मी चार गोष्टींसाठी घालेन: रिकाम्या जागेवर ठरलेल्या दराने मुदतीपुरता माणूस घ्यायचा अधिकार, विभागांमध्ये ड्युट्या फिरवायचा अधिकार, बाहेरून तासावर स्पेशालिस्ट बोलवायचा अधिकार, आणि गोपनीय अहवाल लिहायचा अधिकार. कायमच्या लोकांना आधीच लेखी सांगा की तुमची पेन्शन, ज्येष्ठता, बदलीचे हक्क जसेच्या तसे राहणार. ही खात्री न देता बोर्ड नेमला की दुसऱ्या दिवशी गेटवर "खासगीकरण बंद करा" चा फलक लागतो, आणि खरं सांगू का, त्या लोकांचं चुकतं असंही नाही, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नसतं.

अधीक्षकांची मुदत निदान तीन वर्षं तरी ठेवा. आठ महिन्यांनी बदली होणाऱ्या माणसाला दिलेले अधिकार तो वापरत नाही, ऑडिट पॅरा (ऑडिटचा लेखी आक्षेप) आपल्या नावावर नको म्हणून. आणि शक्य असेल तिथं प्रशासन बघणारा वेगळा मॅनेजर द्या, चांगल्या सर्जनला टेंडरच्या कागदांत अडकवण्यात काय अर्थ आहे. मॅनेजर नसेल तर अधीक्षकांना कॅश बुक वाचायला तरी शिकवा, दोन दिवसांचं काम आहे.

प्रोत्साहन भत्त्याबद्दल थोडक्यात: टीमला द्या, एकट्याला नको, सफाई कामगार आणि सिस्टर त्यात असल्याच पाहिजेत, आणि वाटपाचं सूत्र नोटीस बोर्डवर लावा.

बोर्ड आणि जाब

बोर्ड छोटा ठेवा, सात ते नऊ माणसं. एक हिशोब कळणारा, एक नर्सिंगमधून, एक-दोन पेशंटांच्या बाजूने बोलणारे, खात्याचा एक प्रतिनिधी ज्याला व्हेटो नाही. पुरवठादाराचा नातेवाईक नको, हे लिहावं लागतं, म्हणून लिहितोय. बोर्ड आणि खातं यांच्यात वर्षाचा करार: इतकं अनुदान मिळेल, त्या बदल्यात इतकं काम, इतक्या दर्जाचं.

दर्जाचे आकडे निवडताना जपून. इंग्लंडमध्ये १९९१ पासून सरकारी हॉस्पिटलांचे स्वतःचा कारभार बघणारे ट्रस्ट झाले, २००४ पासून त्याहून मोकळीक असलेले फाउंडेशन ट्रस्ट आले. मिड स्टॅफोर्डशायर नावाच्या ट्रस्टला २००८ मध्ये तो दर्जा मिळाला, आणि तो मिळवण्यासाठी आर्थिक आकडे सुधारायच्या नादात माणसं कमी केली गेली, वॉर्डात पेशंटांचे हाल झाले, कागदोपत्री मात्र ट्रस्ट पात्र ठरला. २०१३ चा चौकशी अहवाल वाचला तर बोर्डाला पैशाचे आकडे दर मीटिंगला दिसत होते आणि तक्रारी ऐकू येत नव्हत्या, असंच चित्र दिसतं. म्हणून माझा आग्रह, प्रत्येक बोर्ड मीटिंगचा पहिला विषय पैसे नको. पहिला विषय त्या महिन्यातले मृत्यू, इन्फेक्शन, पडलेले पेशंट, रात्रपाळीला एका सिस्टरमागे किती पेशंट होते, किती दिवस कुठलं औषध संपलेलं होतं, आणि एक तक्रार जशीच्या तशी वाचून दाखवायची. त्यानंतर जमाखर्च. दर महिन्याचा जमाखर्च एका पानावर ओपीडीच्या भिंतीवर लावा, लोक वाचतात, मी वाचताना पाहिलेत, रांगेत उभं राहून दुसरं करणार काय.

ऑडिट चालू वर्षातच करून घ्या. तीन वर्षांनी येणारं ऑडिट फक्त भीती घालतं, चूक सुधारत नाही, कारण तोवर चूक करणारा रिटायर झालेला असतो.

किती वेगाने

सगळीकडे एका तारखेला लागू करू नका. वह्या जुळलेल्या, साहेब टिकलेले आणि अकाउंटंट असलेले मूठभर हॉस्पिटल निवडा. पहिले सहा महिने फक्त पॉवर्सचा तक्ता आणि हेड बदलायचा अधिकार. मग जमा राखायचा अधिकार, सवलतीची खिडकी चालतेय हे बघून. मग माणसं. पूर्ण स्वतःच्या पायावर उभं राहा, असं कुठल्याही सरकारी हॉस्पिटलला सांगायची घाई करू नका, व्हिएतनामने २०१९ च्या ठरावाने चार मोठ्या हॉस्पिटलांत पूर्ण स्वायत्ततेचा प्रयोग ठरवला, त्यातली 'बाख माई' आणि 'के' या नावांची दोन २०२० पासून तशी चालायला लागली, मधे कोविड आला, सेवांचे दर पुरेसे नव्हते, आणि २०२२ ला दोघांनी आम्हाला हे थांबवू द्या म्हणून विनंती केली. परत यायची वाटही नियमात असू द्या: सलग दोन तिमाही जुळवणी नसेल, किंवा सवलतीचे अर्ज अचानक शून्यावर आले असतील, तर कुठला अधिकार किती दिवसांसाठी थांबवायचा ते लिहा. सवलत शून्य दिसली की कोणीतरी खिडकीवर दोन तास उभं राहून बघायचं, रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही.

पहिली तिमाही संपली की परत स्टोअरमध्ये जा, पुन्हा शेवटच्या दहा किरकोळ खरेदीच्या फाइल काढा आणि सह्या मोजा, दिवस मोजा. जुन्या कागदाशेजारी ठेवा. आकडा हललाच नसेल तर कुठल्या टेबलावर अडतंय ते फाइलवरच्या तारखांवरून लगेच दिसेल, त्या टेबलावरच्या माणसाला चहा प्यायला बोलवा आणि विचारा की तुम्हाला कशाची भीती वाटते. बहुतेक वेळा तक्त्यात एक ओळ कमी असते.